एका बिंदूचा फरक

इ. स. १८०० साली, श्रीरंगपट्टणचा पाडाव होऊन दीड वर्षही धड लोटले नसता, विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज लष्करी अंमलदाराने बेंगळुरूनजीकच्या माळावर पोलादी साखळी अंथरून सात मैलांहून अधिक लांबीची एक आधाररेषा मोजली. आणि म्हैसूरच्या मुलखाची ही मोजणी म्हणजे, दोनच वर्षांनी मद्रासेहून सुरू झालेल्या व पुढे अवघा हिंदुस्थान त्रिकोणांच्या जाळ्यात बसवणाऱ्या सर्वेक्षणाची पूर्वतयारीच होती. हा मनुष्य १८२३ मध्ये त्याच कामगिरीवर असताना आपल्या वर्ध्याकडच्या हिंगणघाटास मरण पावला आणि तेथेच त्याला मूठमाती मिळाली. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला या योगायोगाचे थोडे अगत्य वाटावे, एवढ्यासाठीच मी तो येथे नमूद करीत नाही. आज ज्या विषयावर लिहिण्याचे योजले आहे त्याचा उगम मोजणीखात्याच्या दफ्तरातच आहे, आणि तेथूनच त्यात शिरणे वाचकाला सोपे जाईल असे मला वाटते.

दफ्तरातला प्रत्येक नकाशा सपाट कागदावर काढलेला असतो. पृथ्वी मात्र गोल. भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त याचा उलगडा करून ठेवला आहे, तो असा की परिघाचा शंभरावा हिस्सा सरळ भासतो, आणि पृथ्वी एवढी प्रचंड व माणूस एवढा लहान असल्यामुळे त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येणारी भूमी त्याला सपाटच दिसते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या वंशजाने कोरविलेला शिलालेख आजही आहे, त्या आचार्यांचे हे वाक्य बाराव्या शतकातले. पण आधुनिक गणितात ज्याला ‘मॅनिफोल्ड’ म्हणतात त्याची अर्धी व्याख्या त्यात आलेली आहे. जवळून पाहिले असता जे सपाट वाटते, ज्याचा प्रत्येक लहान तुकडा सपाट नकाशावर उतरवता येतो, परंतु जे समग्र पाहता वाकलेले, वळलेले, स्वतःलाच येऊन मिळणारे असू शकते, ते मॅनिफोल्ड. नकाशाच्या मिती दोनच असल्या पाहिजेत असेही नाही. तीन, सात, अकरा, हव्या तितक्या चालतात. उरलेली अर्धी व्याख्या नकाशांच्या कडांविषयी आहे. शेजारच्या दोन गावांच्या नकाशांवर शिवेलगतची पट्टी दोन्हीकडे काढलेली असते, आणि एका नकाशावरचा ओढा दुसऱ्यावर तुटता कामा नये, एवढी अट तर कोणताही मोजणीदार मान्य करील. गणितज्ञ याहून अधिक मागतो. एका नकाशावर जी वाट सफाईने वळण घेते, ती दुसऱ्या नकाशावर नेली असता तिला कोठेही कोन, टोक किंवा मुरड पडता कामा नये, अशी त्याची अट असते. जेथे ही अट सर्व नकाशांत पाळली जाते, तेथे त्या मॅनिफोल्डवर मसृण रचना आहे असे म्हणावयाचे. वेग, प्रवेग, उष्णतेचा प्रवाह, गुरुत्वाकर्षण यांची सगळी समीकरणे विकलनावर उभी असतात, आणि विकलनाला अशी मसृण रचना लागते. ती नसेल तर आकृती राहील, पण तिच्यावर पदार्थविज्ञान चालणार नाही.

आता प्रश्न असा की एकाच आकृतीवर अशी नकाशांची व्यवस्था किती प्रकारांनी लावता येते? दोन मोजणीदारांनी स्वतंत्रपणे, प्रत्येकाने आपापल्या परीने निर्दोष, असे दोन संग्रह तयार केले, तर त्यांचा मेळ अखेर बसलाच पाहिजे, अशी आपली समजूत असते; आणि १९५६ पर्यंत जगातील थोर थोर गणितज्ञांचीही समजूत, निदान गोलासारख्या साध्या आकृतीपुरती, साधारण तशीच होती. त्या वर्षी प्रिन्स्टन येथील जॉन मिल्नर या पंचविशीतल्या गणितज्ञाचा एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात सात मितींचा असा एक गोल दाखवला होता की जो ताणून, दाबून, कोठेही न फाडता नेहमीच्या सप्तमितीय गोलावर तंतोतंत बसवता येतो, पण कितीही कौशल्याने बसवला तरी मसृणतेला बाध आल्यावाचून बसत नाही. अशा गोलांना इंग्रजीत एक्झॉटिक स्फिअर म्हणतात. आपण त्यांना विलक्षण गोल म्हणू.

मिल्नर हे शोधायला निघाले नव्हते. चार मितींच्या गोलाच्या प्रत्येक बिंदूवर तीन मितींचा एकेक गोल उभा करून जी सप्तमितीय आकृती होते, तिचा ते अभ्यास करीत होते. आणि गणिताचा मेळ बसेना तेव्हा गोलाची लक्षणे असलेली बंदिस्त आकृती ताणून गोलच होते, या पॉइन्कारेच्या अटकळीचे सात मितींतले खंडनच आपण करून बसलो आहोत की काय, असे त्यांना प्रथम वाटले होते. तो बेमेळ कसा होता हे येथे आकडे मांडून दाखवता येते, आणि मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला ते समजणार नाही असे मानणे हा वाचकाचा अपमान ठरेल. त्यांनी निवडलेल्या अशा आकृत्यांपैकी प्रत्येकीवर एक विषम संख्या मुद्रित असते. तिला आपण क म्हणू. आकृती जर नेहमीचा गोल असेल, तर तिच्या आतल्या अष्टमितीय पिंडाचे तोंड साध्या झाकणाने बंद करता येईल, आणि मग हिर्झेब्रुख यांच्या सूत्राप्रमाणे क चा वर्ग चौपट करून त्यात ४५ मिळवले असता येणाऱ्या बेरजेला ७ ने निःशेष भाग गेला पाहिजे. क = १ घ्या : ४ आणि ४५ मिळून ४९; सात साते एकूणपन्नास; हिशेब चोख. क = ३ घ्या : ३६ आणि ४५ मिळून ८१; सातने भागता ४ उरतात. म्हणजे ती आकृती नेहमीचा गोल नव्हे. आणि तरीही त्याच आकृतीवर उंची मोजणारे असे फलन काढता येते की ज्याला एकच शिखर आणि एकच तळ आहे, दुसरी कोठेही खिंड किंवा विसावा नाही. आणि ज्यावर असे फलन आहे ते ताणून गोलच होते, हेही सिद्ध आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी. शाळकरी मुलाला करता येण्याजोग्या या भागाकारावर भूमितीच्या एका सबंध शाखेची कोनशिला बसली आहे.

मध्यंतरी माझ्या एका परिचितांच्या घरी मी सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो. मंडळी मूळची साताऱ्याकडची, गृहस्थ येथल्या संगणक-व्यवसायात चांगल्या हुद्द्यावर, आणि थोरली मुलगी बारावी झालेली, तिला गणितच करायचे आहे. “काका, तुम्ही तरी तिला समजावून सांगा,” ते मला म्हणाले, “यात पोटापाण्याचे काय?” मी समजावण्याच्या भरीस पडलो नाही. पूजेतला फोडलेला नारळ समोर होता, तो उचलला आणि त्या मुलीला म्हटले, या दोन वाट्या पुन्हा काठाला काठ लावून जोड. आता एक वाटी जराशी फिरवून जोड. आता काठाचा काही भाग ताणून, काही आखडून, पण क्रम न मोडता जोड. नारळाचा काठ म्हणजे वर्तुळ, आणि वर्तुळाला दिलेला असा कोणताही पीळ हळूहळू, सफाईने, उलगडून टाकता येतो. म्हणून कसेही जोडले तरी शेवटी नारळ तो नारळच. परंतु वाट्या सात मितींच्या असतील तर त्यांचा काठ हा सहा मितींचा गोल होतो, आणि त्या काठाला देता येण्याजोगे पीळ, एकमेकांत उलगडत न जाणारे, बरोबर २८ प्रकारचे आहेत. एक प्रकार न पिळलेल्याचा. त्यातून नेहमीचा गोल होतो. बाकीच्या २७ प्रकारांतून, दिशाभेद धरून, विलक्षण गोल होतात.

“पण आजोबा, मग तो ताणून साध्या गोलावर बसतो कसा?” तिने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. उत्तर असे की काठाचा पीळ आपण वाटीच्या आत ढकलत नेऊ शकतो : काठाशी जेवढा पीळ तेवढाच त्याहून लहान वर्तुळावर, तेवढाच त्याहून लहानावर, असे करत करत तो मध्यबिंदूपाशी गोळा होतो. सर्वत्र सगळे सुरळीत. फक्त त्या एका बिंदूपाशी सगळा पीळ येऊन थबकतो, आणि तेथे मसृणता मोडते. तो एक बिंदू वगळला तर विलक्षण गोल आणि साधा गोल यांच्यात तिळमात्र अंतर राहत नाही. मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “मग तो बिंदू असतो तरी कुठे?” कोठेच नाही, हे त्याचे खरे उत्तर आहे. विलक्षण गोलावरचा प्रत्येक बिंदू दुसऱ्या कोणत्याही बिंदूसारखाच आहे; जवळून पाहाल तर सगळीकडे तो तितकाच नितळ. हवा तो बिंदू निवडा आणि सगळा दोष त्याच्या माथी मारा. दोष मात्र नाहीसा करता येत नाही. तिच्या वडिलांनी पोटापाण्याचा विषय त्या संध्याकाळी पुन्हा काढला नाही.

१९६३ मध्ये मिल्नर आणि मिशेल केर्व्हेर यांनी या सगळ्या गोलांची मोजदाद करण्याची पद्धत घालून दिली. सातव्या मितीत २८, आठव्यात २, नवव्यात ८, दहाव्यात ६, अकराव्यात एकदम ९९२, आणि बाराव्यात पुन्हा १, म्हणजे तेथे विलक्षण असा एकही नाही, पंधराव्यात १६,२५६. या आकड्यांना वरवर पाहता ना चाल ना ताल, पण त्यांच्या मुळाशी बर्नुली संख्यांसारख्या जुन्या, परिचित वस्तू आहेत. १९६६ मध्ये ब्रीस्कोर्न यांनी दाखवून दिले की सातव्या मितीतले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गोल एका साध्या बैजिक समीकरणातून, केवळ एक घातांक बदलत गेल्याने, हाती लागतात. अमूर्त वाटणारी ही वस्तू इतकी मूर्त आहे.

गोलांपुरतेच हे प्रकरण असते तर ते एक नवल म्हणून बाजूला ठेवता आले असते. खरे महत्त्व पुढेच आहे. कोणतेही सप्तमितीय मॅनिफोल्ड घ्यावे, त्यातून वाटोळे ठिगळ कापून काढावे आणि वरील अठ्ठावीसांपैकी एक पीळ देऊन ते त्याच जागी पुन्हा शिवून टाकावे. ठिगळाबाहेर काहीही बदललेले नाही. आकृती ताणून पाहता पूर्वीचीच आहे. प्रश्न इतकाच की मसृण रचना तीच राहिली की पालटली? याचे उत्तर मॅनिफोल्डच्या अंगस्वभावावर अवलंबून असते, आणि हीच मला या साऱ्या शास्त्रातली सर्वांत मनोहर गोष्ट वाटते. काही मॅनिफोल्ड तो पीळ मुळीच जिरवू शकत नाहीत. सात मितींचे वलय, म्हणजे सात वर्तुळांचा गुणाकार, घेतले तर कोणताही विलक्षण पीळ त्यावर कायमचा उमटतो, आणि जे वलय तयार होते ते पूर्वीचे वलय राहत नाही. उलट चतुर्मितीय गोलावर त्रिमितीय गोल उभे करून केलेल्या आकृत्यांतच काही अशा आहेत की त्या अठ्ठावीसही पीळ बिनतक्रार जिरवतात. एका टोकाला शिवलेला पीळ अंगभर फिरवून त्या तो सोडवून टाकतात. मॅनिफोल्ड जे गोल असे जिरवते त्यांच्या समूहाला त्याचा जडत्वगट म्हणतात, आणि एखाद्या मॅनिफोल्डचा जडत्वगट काढणे हे आजही अवघड काम आहे.

वक्रतेचाही यात हात आहे. फॅरेल आणि जोन्स यांनी १९८९ मध्ये दाखवले की सर्वत्र ऋण वक्रता असलेल्या विशिष्ट मॅनिफोल्डांना असा पीळ दिला तरी ऋण वक्रता टिकते, पण मसृण रचना वेगळी होते. याच्या उलट, १९७४ मध्ये हिचिन यांनी असे विलक्षण गोल दाखवले की ज्यांच्यावर विशिष्ट अर्थाची धन वक्रता कधीही पसरवता येत नाही, जरी साध्या गोलावर ती जन्मतःच असते. म्हणजे कोठेही न दिसणारा तो बिंदू अवकाशाच्या बाकावर, त्याच्या वळणावर, हुकूम चालवतो.

आता बेंगळुरूकडे वळू, कारण हे सगळे परदेशातच घडते अशी समजूत होण्याचा संभव आहे. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर दरबाराने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर १९०९ मध्ये उभी राहिलेली येथील विज्ञान संस्था. तिच्याच आवारात १९४५ मध्ये होमी भाभांनी सुरू केलेली आणि त्याच वर्षअखेर मुंबईस नेलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था. आणि म्हैसूर रस्त्यावरचे भारतीय सांख्यिकी संस्थेचे केंद्र, ही या विषयाची आपली ठाणी आहेत. उच्च मितींतली पॉइन्कारेची अटकळ सोडवणाऱ्यांपैकी एक, जॉन स्टॅलिंग्ज, १९६७ मध्ये मुंबईच्या टाटा संस्थेत व्याख्याने देऊन गेले, आणि ती जी. आनंद स्वरूप यांच्यासारख्या तरुण भारतीय गणितज्ञाने उतरवून घेतली म्हणून पुस्तकरूपाने राहिली. विज्ञान संस्थेतील गणिताचा विभाग प्रभुलाल भटनागर यांनी, मिल्नर यांचा निबंध निघाला त्याच १९५६ साली, उपयोजित गणिताचा म्हणून मांडला. त्याच विभागातील सिद्धार्थ गाडगीळ आणि हरीश शेषाद्री यांनी २००९ मध्ये एक प्रमेय प्रसिद्ध केले, ते असे की पाच किंवा अधिक मितींच्या बंदिस्त मॅनिफोल्डवर एक विशिष्ट प्रकारची धन वक्रता असेल आणि त्यावरच्या फाशांचा, म्हणजे निघाल्या जागीच परतणाऱ्या वाटांचा, गट मुक्त असेल, तर त्याची आकृती पूर्णपणे निश्चित होते. सिद्धार्थ हे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचे नातू आणि माधव व सुलोचना गाडगीळ या शास्त्रज्ञ दांपत्याचे पुत्र. पुण्याच्या त्या विद्याव्यासंगी घराण्याची तिसरी पिढी बेंगळुरूत भूमितीत रमली याचा मला एक मराठी माणूस म्हणून आनंद आहे. त्या प्रमेयात एक शब्द फार मोलाचा आहे. आकृती ‘ताणून’ ठरते, एवढेच त्यात म्हटले आहे. ‘मसृणतेने’ ठरते असा दावा त्यात केलेला नाही. ही सावधगिरी मिल्नरनंतरच्या प्रत्येक प्रामाणिक भूमितिज्ञाच्या लेखणीत भिनलेली आहे. सांख्यिकी संस्थेच्या येथील केंद्रातून रमेश कासिलिंगम यांनी गेल्या दशकात जे निबंध लिहिले ते तर थेट याच प्रश्नावर आहेत : जटिल प्रक्षेपीय अवकाशांना विलक्षण गोल जोडले असता कोणत्या मसृण रचना निर्माण होतात, आणि कोणता पीळ जिरतो, कोणता जिरत नाही.

‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न या शहरात दर चौकात उभा असतो. मी एक उत्तर देऊ शकतो : १९८५ मध्ये एडवर्ड विटन यांनी दहा मितींच्या विश्वातील गुरुत्वाचा सिद्धांत सुसंगत आहे की नाही हे तपासले तेव्हा त्यांना अकराव्या मितीतल्या त्याच ९९२ गोलांचा हिशेब चुकता करावा लागला. परंतु माझी बाजू मी या दाखल्यावर उभी करीत नाही. उपयोगाची हमी मागून मगच पैका सोडायचा, हा रिवाज मोजणीखात्याला शोभतो, विद्यापीठाला शोभत नाही. आणि शुद्ध गणिताच्या जागा, शिष्यवृत्त्या, ग्रंथालये यांबद्दल आमच्याकडे, बेंगळुरूत काय आणि महाराष्ट्रात काय, जो हात आखडता घेतला जातो, तो मला सर्वस्वी अयोग्य वाटतो. सर्वत्र बिनचूक असलेल्या नकाशांच्या दोन संग्रहांत समग्र पातळीवर दुरावा असू शकतो, ही गोष्ट मानवजातीला भास्कराचार्यांनंतर आठशे वर्षांनी कळली. अशी गोष्ट कळणे हाच विद्येचा लाभ आहे. दुसरी पावती मागण्याचे कारण नाही.

दुसरी माझी तक्रार मराठीविषयी आहे. ज्या भाषेने हद्द आणि सीमा, दफ्तर आणि ग्रंथालय, दोन्ही घराण्यांचे शब्द आपलेसे केले, त्या भाषेला मसृण, मिती, जडत्वगट हे शब्द जड जाण्याचे कारण नाही. जड जाते ते लिहिणारे नाहीत म्हणून. या विषयात काम करणारी मराठी माणसे मुंबईत, पुण्यात, येथे, परदेशात आहेत. त्यांनी वर्षाकाठी एक लेख मराठीत लिहावा, आणि आमच्या नियतकालिकांनी तो पाककृतींच्या पानाइतक्याच आस्थेने छापावा, अशी माझी त्या दोघांनाही विनंती आहे.

आणि ज्यांच्या घरी बारावी झालेली, गणिताचा ध्यास घेतलेली मुलगी आहे, त्यांनी तिला अडवू नये. तिच्यासाठी काम शिल्लक आहे. एक, दोन, तीन, पाच आणि सहा मितींत विलक्षण गोल नाहीत हे ठरले आहे. सातव्यात किती आहेत हे मोजून झाले आहे. चार मितींत एखादा विलक्षण गोल आहे की नाही, हे मात्र आजतागायत कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.